रेषेवरचं घर

विल्मार, मिनेसोटा
१२ ऑक्टोबर १८८६

मारित पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या झग्याला टाचण्या लावत होते. तोंडात टाचण्या आणि हातात तुझं पत्र. वाचता वाचता एखादी गिळली नाही हे नशीब.

तू लिहितेस की बाबांचा हात फार चालतो. बैलाच्या वादीने मारतात. धाकट्या कारीच्या कानाखाली अशी बसली की तिला उजव्या कानाने ऐकूच येत नाही. वाचून जीव कळवळला गं. पण तुझ्या बापाला, टोलेफला, मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते. डोकं भडक, हे खरं. गावाकडे चर्चमधून बाहेर पडता पडता दोघांशी तरी भांडून यायचा. तरी तुम्हा सगळ्यांना त्यानेच नॉर्वेहून इथवर आणलं. त्या उजाड माळावर चार मैलांत शेजारी नाही, माणूस चिडका होणारच. त्यात तुझी आई, माझी बहीण रान्दी गेली. ती होती तोवर सांभाळून घ्यायची. आता ते तुझ्याकडे आलं.

त्याला वेळेवर गरम जेवण दे. उलट बोलू नकोस. कारीला त्याच्या पायात येऊ देऊ नकोस. मे महिन्यात तुमची पाच वर्षं पुरी होतील, जमीन नावावर होईल, मग त्याच्याही मनावरचं ओझं उतरेल. आणि कारीचा कान थंडीने तर गेला नाही ना? कांद्याचा रस कोमट करून घालून बघ.

खाली टोलेफसाठी चार ओळी लिहिल्या आहेत. प्रेमानेच समजावलंय. त्या त्याला वाचून दाखव.

लेकीसारखी जपणारी,
गुरोमावशी

*

आमची जमीन, डकोटा
५ नोव्हेंबर

मावशी,

तुझं पत्र आमच्या शेजाऱ्याने, आर्नफिन बाक्केने, गावातून आणलं आणि सरळ बाबांच्या हातात ठेवलं. त्याची काही चूक नाही.

बाबांना वाचता येत नाही, म्हणून आलेलं पत्र मला अख्खं वाचून दाखवावं लागतं, हे तू विसरलीस. त्यांनी बूट काढले, पाय शेगडीकडे केले आणि म्हणाले, "वाच."

काय वाचणार? मी म्हटलं, "प्रिय मारित, यंदा आमच्याकडे लोणी चांगलं झालं." मग लोणी किती वेळ घुसळावं, ताक कसं काढावं, शेळीच्या दुधाचं चीज तळाला लागू नये म्हणून काय करावं. आपण लोण्यावर एवढं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. कारी कोपऱ्यात बसून खाली मान घालून लोकर पिंजत होती. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

"एवढं मोठं पत्र, आणि नुसतं लोणी?"

"मावशी लिहायला लागली की थांबत नाही."

"बोलायला लागली तरी थांबत नाही," असं म्हणून ते हसले. मला वाटलं सुटले. तेवढ्यात त्यांनी कागद ओढून घेतला आणि त्यावर बोट ठेवलं. बाबांना एकच शब्द ओळखता येतो, स्वतःचं नाव. "हा टोलेफ. हा पण टोलेफ. खाली आणखी एक. मी लोण्यात कुठून आलो?"

"मावशी विचारते, टोलेफला लोणी कसं आवडतं, खारट की अळणी."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "खारट," ते म्हणाले. "लिही तिला."

म्हणून लिहिते. बाबांना लोणी खारट आवडतं.

आता बाकीचं ऐक. तुला वाटेल, मी निघून का येत नाही. आमचं घर कसं बांधलंय ते तुला सांगते. बाबांच्या नावावर पश्चिमेची एकशे साठ एकर सरकारकडे मागितलेली आहे, आणि मी एकवीस पुरी केल्याच्या दिवशी त्यांनी मला गाडीत घालून नेलं आणि पूर्वेची तेवढीच माझ्या नावावर मागितली. सरकारचा नियम असा की ज्याची जमीन त्याने पाच वर्षं तिच्यावर राहायचं. दोन घरं कोण बांधणार? इथे सगळे करतात तसं बाबांनी दोन्ही जमिनींच्या रेषेवरच मातीचं एक घर बांधलं. जेवणाच्या टेबलाखालून रेष जाते. पलीकडे त्यांचा पलंग, अलीकडे माझा. मी सहा महिने बाहेर राहिले तर माझी जमीन जाते. इथेच राहिले तर मे महिन्यात ती माझ्या नावावर होणार आणि त्याच दिवशी मी ती बाबांना लिहून देणार, असं ठरलेलं आहे. मला कुणी विचारलेलं नाही. तरी जमिनीला लाथ मारून मी निघाले असते. पण कारी अकरा वर्षांची आहे. तिला कुणाच्या हवाली करू?

आणखी एक. आई न्यूमोनियाने गेली असं मी तुला कळवलं होतं. ते खरं आहे. पण आजारी पडण्याच्या आदल्या रात्री ती गोठ्यात होती आणि बाबांनी घराची कडी आतून लावलेली होती, हे कळवलं नव्हतं. कडी काढायला मी उठले तेव्हा माझं काय झालं तेही नाही.

यापुढे पहिलं पान बाबांसाठी लिही. त्यात त्यांचं नाव भरपूर घाल. दुसऱ्या पानावर एकदाही नको.

मारित

*

विल्मार
२१ नोव्हेंबर

प्रिय मारित आणि माननीय टोलेफ,

टोलेफ, तुम्हाला लोणी खारट आवडतं हे वाचून फार बरं वाटलं. टोलेफसारख्या मेहनती माणसाला मीठ लागतंच. इथे सगळे विचारतात, तो टोलेफ कसा आहे? मी सांगते, आमच्या टोलेफसारखा टोलेफच. नव्या पाद्रीबुवांचं प्रवचन इतकं लांबतं की मागच्या रविवारी ऑर्गनवालाच घोरायला लागला. हवा बरी आहे. बटाटे बरे आहेत. टोलेफ, तुम्ही पाठीला लोकरीचं बांधत जा.

(इथून दुसरं पान.)

पोरी, माझी रान्दी गोठ्यात. मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि नंतर दिवसभर शिवणाला हात लावला नाही. मी तुला काय लिहिलं होतं? कांद्याचा रस घाल, गरम जेवण दे! इथे शेगडीपाशी बसून उंटावरून शेळ्या हाकत होते मी. माझी जीभ झडो.

लोण्याचं वाचून मला हसू आलं, आणि हसता हसता रडू. तुझी आई पण अशीच होती. लहानपणी दूध सांडलं की मांजराचं नाव इतकं खरं करून सांगायची की मांजरालाही पटावं.

कारीचं पाद्रीबुवांना विचारलं, कुणाचं नाव न घेता. ते म्हणाले, मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत बापाची. त्याने मागितली तर द्यावी लागेल. मी म्हटलं, बाप राक्षस असला तर? म्हणाले, तुम्ही प्रार्थना करा. प्रार्थना करीनच, पण तुम्ही दोघी आधी निघा. मागायला आला तर दारात मी उभी आहे आणि माझ्याकडे इस्त्री आहे.

तुझी मावशी

*

डकोटा
२९ मार्च १८८७

मावशी,

तुझं पत्र जानेवारीत आलं. त्यानंतर रस्ताच उरला नव्हता. बर्फ छपरापर्यंत. आम्ही गवताचे पीळ करून जाळत होतो, आणि ते वळून वळून कारीच्या तळव्यांना भेगा पडल्या. त्याच दिवसांत तिच्या हातून दिव्याची काच फुटली. पुढचं लिहीत नाही. हात आता बरा आहे, कोपरात जरा वाकडा राहिलाय.

तू म्हणालीस निघा, म्हणून फेब्रुवारीत निघालो. बाबा झोपले होते, आकाश मोकळं होतं. आर्नफिनच्या घरापर्यंत पोचलो. त्याच्या बायकोने कारीचे पाय चोळले, कॉफी दिली. तासाभरात बाबा घसरगाडी घेऊन दारात. ओरडले नाहीत. कारीला उचलून गाडीत ठेवलं, घोंगडी पांघरली आणि मला म्हणाले, "तुला यायचं तर ये." आर्नफिन दारात उभा होता. त्याचे हात माझ्या मांडीएवढे आहेत, पण तोही म्हणाला, "बापाची पोर आहे, मारित. मी काय करू?" मी जाऊन गाडीत बसले.

म्हणजे पळण्याचा विचार आता नको. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली आहे, ती सांगायलाच लिहायला बसले.

तालुक्याचा मोजणीदार रस्त्यांच्या आखणीसाठी आला होता. बाबा दळण घेऊन गिरणीला गेले होते. मोजणीची साखळी धरायला आर्नफिन होता. मोजणीदार चहा पिणारा निघाला, आमच्याकडे कॉफीशिवाय काही नाही, म्हणून नुसतं गरम पाणी प्यायला आणि म्हणाला, "हे घर कुणाच्या जमिनीवर आहे, बाई?"

"दोघांच्या. या टेबलाखालून रेष जाते."

तो बाहेर गेला, परत आला. "रेष टेबलाखालून जात नाही. ती तिकडे, तुमच्या गोठ्याच्याही पलीकडे आहे. घर, विहीर, गोठा, सगळं एकाच्याच जमिनीवर."

"कुणाच्या?"

"पूर्वेची कुणाची?"

आर्नफिनने माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. का काढली ते त्यालाही कळलं नसावं.

हे कसं झालं ते मला लगेच कळलं. पहिल्या उन्हाळ्यात रेषेवरचा सरकारी खुंट वणव्यात जळून गेला होता. मग बाबांनी सगळे मोजतात तसं मोजलं. गाडीच्या चाकाला चिंधी बांधायची, पश्चिमेच्या कोपऱ्यावरून निघायचं, चिंधी वर आली की चाकाचा एक फेरा. बाबा मोठ्याने मोजत होते. मध्येच बैल अडले, त्यांना शिव्या देता देता बाबांचे आकडे गळाले. आई गाडीत बसून मनात मोजत होती. ती म्हणाली, "थांबा, झालं. इथेच आहे." त्यांनी मागे वळून तिच्या तोंडात मारली आणि गाडी तशीच पुढे नेली. पुढे जिथे थांबले तिथे घर उभं राहिलं. मावशी, आईचं बरोबर होतं.

म्हणजे पाच वर्षं बाबा माझ्या जमिनीवर राहिले. स्वतःच्या जमिनीवर एक रात्रसुद्धा नाही.

त्यांना हे माहीत नाही. गोठ्यामागचा नवा खुंट पाहून त्यांना वाटतं रस्ता इथून जाणार. खूश आहेत. आर्नफिन म्हणतो, आपण होऊन मी बोलणार नाही, पण मे महिन्यात जमीन नावावर होताना साक्षीला शपथेवर विचारलं तर खोटंही सांगणार नाही.

मारित

*

विल्मार
१४ एप्रिल

प्रिय टोलेफ, टोलेफ आणि टोलेफ,

रस्ता होणार म्हणे. अभिनंदन! चांगल्या माणसाच्या दारातूनच रस्ते जातात. लोणी खारट ठेवा.

(दुसरं पान.)

मारित! मी खुर्चीतून उठून नाचले. या वयात, या गुडघ्यांनी! घर तुझं, चूल तुझी, विहीर तुझी. ज्या पलंगावर तो घोरतो त्याखालची भुईसुद्धा तुझी. रान्दीच्या थोबाडीत मारली ना? घे म्हणावं आता. करावं तसं भरावं.

मे महिन्यात कागद हातात पडला की त्याला बाहेर काढ, आर्नफिनला दारात उभा कर, आणि कडी आतून लाव. मी पडद्यांचं कापड बाजूला काढलंय, निळं. खिडक्यांची मापं कळव. दोन आहेत की एकच?

तुझी, अजून नाचणारी,
मावशी

*

आर्नफिन बाक्के यांच्या घरी
३१ मे

मावशी,

पडद्याचं कापड कापलं नसशील तर कापू नकोस.

सोमवारी आम्ही सगळे तालुक्याच्या गावी गेलो. कारीलाही नेलं होतं, कारण तिला घरी एकटी ठेवायला बाबा तयार नव्हते. न्यायाधीशांसमोर साक्षी झाल्या. आधी माझी पाळी. मुलगी तिथे राहिली का, पेरलं का, घर आहे का? आर्नफिनने हो, हो, हो म्हटलं. न्यायाधीशांनी सही केली. मग बाबांची.

"अर्जदाराचं घर त्याच्या जमिनीवर आहे?"

आर्नफिन टोपीची कड चाचपत राहिला. "नाही."

"मग कुणाच्या?"

"त्याच्या मुलीच्या."

बाबा हसले. मला म्हणाले, "सकाळीच प्यायलाय." मग मोजणीदाराचा नकाशा टेबलावर पसरला. बाबांना नकाशाही वाचता येत नाही, पण न्यायाधीशांचं बोट घरावर होतं आणि रेष त्या बोटापासून लांब होती, एवढं त्यांना दिसलं. ते म्हणाले, "मी मोजलं होतं. मी स्वतः मोजलं होतं." न्यायाधीश म्हणाले, "तुमची पाच वर्षं धरता येत नाहीत. स्वतःच्या जमिनीवर घर बांधा आणि नव्याने राहा."

मी या क्षणाची दोन महिने वाट पाहिली होती. आनंद व्हायला हवा होता. भीतीच वाटली.

बाहेर ओट्यावर त्यांनी हात उचलला नाही. लोक येत-जात होते, म्हणून असेल. मग म्हणाले, "ठीक. घर तुझं. मी पलीकडे टेकाडात खोदून राहीन. कारी माझ्याबरोबर येईल."

"कशाला?"

"मला रांधून कोण घालणार?"

"बाबा, ती बारासुद्धा नाही."

"म्हणजे अजून सहा-सात वर्षं माझी आहे."

तेव्हा मला कळलं की माझ्या हातात काय आहे आणि काय नाही. मावशी, माझ्या नावावर आजवर कधी काही नव्हतं. आईचा पितळी ब्रोचसुद्धा बाबांनी विकला. तो कागद माझ्या पिशवीत होता, त्याची शाई नीट वाळली नव्हती. मी कारीकडे पाहिलं. ती चांगला कान आमच्याकडे करून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मी म्हटलं, "सगळं तुम्ही घ्या. जमीन, घर, विहीर. कारीला माझ्या नावावर लिहून द्या."

"ओढ्याकडचं कुरण?"

"तेही."

"चल आत," ते म्हणाले.

मला वाटलं होतं घासाघीस करतील. निदान एक दिवस विचाराला मागतील. निदान तिच्याकडे एकदा पाहतील. माझ्या आधी तेच दारात शिरले.

न्यायाधीशांनी मला दोनदा विचारलं, "कुणी धाक घातलाय का?" मी म्हटलं, "आत्ता नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि दोन कागद केले. एकाने जमीन बाबांची झाली, दुसऱ्याने कारी माझी. बाबांनी दोन्हींवर आपलं नाव काढलं. फक्त तेवढंच त्यांना काढता येतं. परतताना आर्नफिनने आम्हा दोघींना आपल्या गाडीत घेतलं. वाटेत म्हणाला, "वेडी आहेस." मग बायकोला सांगून आम्हाला आत पलंगावर झोपवलं आणि स्वतः दाराशी आडवा झाला.

गुरुवारच्या गाडीने निघतो. खिडकी एकच होती.

मारित

*

सेंट पॉल
१८ सप्टेंबर

मावशी,

या घरातलं काम बरं आहे. मालकीणबाई खवट आहेत, पण हात उचलत नाहीत. मला पहिला महिनाभर कुणी मागून चालत आलं की भांडं पडायचं हातातून. आता नाही पडत.

तुला एक विचारायचं आहे, आणि समोर असते तर विचारलं नसतं. स्टेशनवर तू आम्हाला मिठी मारलीस, आणि मग म्हणालीस, "एकशे साठ एकर, पोरी!" लगेच वळून आमचं गाठोडं उचललंस. ते माझ्या कानातून जात नाही. आर्नफिनने कळवलंय की गहू यंदा छातीएवढा आला होता. ती पाच वर्षं मी नांगरलेली जमीन. थोडी थांबले असते, वकील पाहिला असता, तर दोन्ही मिळालं असतं का? कारी मोठी होईल, तिलाही हुंडा लागेल, घर लागेल. ती मला म्हणेल का, तू मूर्खपणा केलास? ती तुझ्याकडे राहते, तुझ्याशी जास्त बोलते. खरं काय ते लिही. मी वाचू शकते, आणि मला दुसऱ्या कुणाला वाचून दाखवायचं नाही.

मारित

*

विल्मार
२ ऑक्टोबर

मारित,

यात पहिलं पान नाही. सगळं तुझंच आहे.

स्टेशनवर मी ते बोलले, हो. जीभ आहे माझी, तिला हाड नाही. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. मला काय कळतं, मी तर पडदे शिवायला निघाले होते. जे घडलं तेवढं सांगते.

कारी शाळेत जाते. बाईंनी तिला उजवीकडे, पुढे बसवलंय, म्हणजे चांगला कान त्यांच्याकडे. परवा मी डबा द्यायला गेले, तेव्हा बाई मुलांना एकराचं गणित शिकवत होत्या. कुणाकडे किती जमीन, ते एकेकाने सांगायचं. शेतकऱ्यांचीच पोरं सगळी. माझ्या बाबांकडे ऐंशी, माझ्या आजोबांकडे दोनशे, असं चाललं होतं. मी दारातच थांबले. मला वाटलं आता हिची पाळी येईल आणि ही रडेल. घुसून डबा आदळावा की काय, असं मनात आलं.

कारी उठली. वाकडा हात पाठीमागे धरून. म्हणाली, "माझ्या बहिणीकडे एकशे साठ होते. विहीर पण होती. तिने ते बाबांना दिले आणि मला घेतलं."

मग मागच्या बाकावरचा एक लाल केसांचा कार्टा म्हणाला, "अख्खी जमीन? तुझ्यासाठी? मग यात फसलं कोण?"

तिला नीट ऐकू आलं नाही. तिने मान वळवली आणि विचारलं, "काय?"

"फसलं कोण?"

"बाबा," कारी म्हणाली, आणि खाली बसली.

तुझी,
मावशी